काजूच्या गावात काजूविना

मी वेंगुर्ले तालुक्यातली. मागच्या परड्यात काजूची झाडं आहेत आणि मला काजू चालत नाही. शेंगदाणा, तीळ, गहू यांचीही अ‍ॅलर्जी. त्यावर दूध, तूप, अंडी, मासे मी स्वतःहून सोडलेले, म्हणजे मी व्हिगन, प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारी. ही यादी ऐकली की शेजारची काकी दरवेळी एकच विचारते, “मगे तू खातंस तरी काय?” तेच सांगते.

पण आधी नेमकं काय चालत नाही ते अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. त्वचेवर टोचून करायची प्रिक टेस्ट किंवा रक्तातली आयजीई (अ‍ॅलर्जी घडवणारं प्रतिपिंड) तपासणी, आणि तिच्या जोडीला खाल्ल्यावर काय झालं होतं याची नीट हकिकत. एका रक्ताच्या थेंबात शंभर पदार्थ तपासून देणारी पॅकेजं असतात, त्यांतली बरीच आयजीजी हे दुसरंच प्रतिपिंड मोजतात. आयजीजी वाढलेलं दिसणं म्हणजे बहुधा तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे एवढंच. तशा कागदावरून डाळी सोडल्या तर व्हिगन माणसाच्या ताटात उरणार काय? शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला असला, तरी तो न चालणाऱ्या बहुतेकांना मूग, कुळीथ, चवळी चालतात. उलट काजू चालत नसेल तर पिस्ताही बहुधा चालत नाही. आंबाही त्याच कुळातला, पण हापूस मी पोटभर खाते (डॉक्टरांना विचारून). ओले काजू सोलताना हाताची सालं निघतात ते प्रकरण वेगळं. तो टरफलातल्या तेलाचा प्रताप. माझी अ‍ॅलर्जी गरातल्या प्रथिनांची.

व्हिगन पाककृती शोधायला गेलात की काजूचं चीज, बदामाचं दूध, पीनट बटर, ताहिनी (तिळाचं वाटण) हेच पुढे येतं. आपल्याला त्यातलं काही नको. दुधाची जागा कोकणात नारळाच्या रसाने केव्हाच घेतलेली आहे. सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, रात्री पेज नाहीतर तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ. ह्यात मुद्दाम काही वगळावंच लागत नाही. शंभर ग्रॅम कुळथात साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, शंभर ग्रॅम नाचणीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं, म्हणून नाचणीची भाकरी किंवा आंबील रोजची ठेवा. आंबिलीत ताक घालतात, ते टाळून आमसूल घाला.

पिठी करताना खोबरेल तेलात लसूण लाल करायची, मोहरी-मिरची तडतडली की पाणी, आमसूल, मीठ. कुळथाचं पीठ वेगळ्या पाण्यात कालवून मगच ओतायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. हिंग मात्र जपून. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. पाकीट वाचा, तांदळाचं पीठ घातलेला मिळतो. नाहीतर हिंगाशिवायही पिठी बिघडत नाही.

खरी गोम पदार्थांत नाही, भांड्यांत आहे. आमच्याकडे एकाच विळीवर बांगडे चिरतात आणि तिच्याच टोकाला नारळ खवतात. पाट्यावर आज शेंगदाण्याची चटणी, उद्या भाजीचं वाटण. पाट्याला टाकी लावलेली असते, त्या बारीक खाचांत वाटण बसतं आणि वरवर पाणी मारून निघत नाही. म्हणून माझा पाटा, विळी आणि मिक्सरचं एक भांडं वेगळं. तवाही वेगळा, कारण घरातल्या तव्यावर चपाती भाजली जाते आणि आम्लेटही. वांग्याच्या भाजीत सोडे, लाल माठात जवळा पडायची सवय आहेच. भाजी शाकाहारी दिसते म्हणून खाऊ नका.

पिठाची गिरण हा गव्हाचा सगळ्यात मोठा सापळा. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळले गेले की जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या तांदळात येतं. आपले थोडे तांदूळ आधी दळून घ्या आणि ते पीठ कोंबड्यांना टाका, असं सगळे सांगतात. त्याने पीठ कमी येतं, पण पुरतं जात नाही. मी घरघंटी घेतली, तिच्यात फक्त तांदूळ, नाचणी, कुळीथ. तेलघाण्याचंही तसंच: खोबरं आणि शेंगदाणा एकाच घाण्यावर गाळतात का ते विचारा. रिफाइंड तेलात शेंगदाण्याचं प्रथिन जवळपास उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका, तो दुधालाही मिळतो. हिरव्या ‘व्ही’चं व्हिगन चिन्ह 2022 च्या नियमांतून आलं. ते असलं तरी आत काजू असू शकतात. अ‍ॅलर्जीच्या सूचनेत शेंगदाणा, झाडावरचा सुकामेवा, गहू, दूध, सोया नोंदवणं बंधनकारक आहे, तीळ नाही. म्हणून तिळासाठी घटकांची अख्खी यादी वाचायची.

बी-12 कुठल्याही पालेभाजीतून भरवशाने मिळत नाही, गोळी घ्यावीच लागते. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं (ते जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढतात) आणि काही गोळ्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तेव्हा औषधाचंही पाकीट वाचा. किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

बाहेर जेवताना नुसतं ‘अ‍ॅलर्जी’ म्हणालात तर लोकांना अंगाला खाज एवढंच वाटतं. ‘माझा घसा सुजतो, श्वास अडकतो’ असं सांगा. उपासाचं निमित्त तर मुळीच पुढे करू नका, लगेच साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी समोर येईल. खानावळीत तळलेलं टाळा, मासे तळलेल्या कढईतलंच असतं. सोलकढीत ताक आहे का हेही विचारा.

ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर वाट पाहू नका. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिन लिहून दिलं असेल तर त्याचं इंजेक्शन आधी मांडीत, मग 108 ला फोन. आडवं पडा, श्वास फारच लागत असेल तर टेकून बसा. खाजेच्या गोळीवर भागवू नका. गावातून रुग्णालय किती लांब आहे आणि रात्री गाडी कोणाची मिळेल हे घरात सगळ्यांना ठाऊक हवं.

राहता राहिले गणपती. मोदकाच्या सारणात काजू, वरून तूप, आणि “वायचसोच घातलंय, काय होऊचा नाय” असं प्रेमाने सांगणारी माणसं. वाद घालत बसू नका. नैवेद्याचं ताट कपाळाला लावा आणि शेजारच्याकडे सरकवा. मी घरून शिरवाळे घेऊन जाते: तांदळाच्या उकडीचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच साच्यातून दाबायचे, आणि सोबत गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. डबा मोठा न्या, लोक मागून खातात. फक्त तुमचा वाटा आधी काढून ठेवा, नंतर त्यात कोणाचा तुपाचा चमचा बुडेल सांगता येत नाही.