परसात फुलपाखरं अंडी घालताना बघायचीत? या चुका टाळा

फुलपाखरं भरपूर येतात, पण अंडी घालताना एकही दिसत नाही, असं कोकणात कुणी म्हणालं की मला नवल वाटतं. न्हाणीमागे कढीपत्ता, परड्यात आंबा-काजू, आगरात नारळ-सुपारी, गडग्याला रुई. फुलपाखरांना लागतं ते जवळजवळ सगळं आपल्या दारात आहे. चुकतो आपण बघण्यात.

फुलांपाशी थांबू नका

घाणेरीवर, जास्वंदीवर फुलपाखरू येतं ते मध प्यायला. मादी अंडी घालते ती अळीला जे पान खाता येईल त्याच झाडावर, आणि ही झाडं जातीप्रमाणे ठरलेली असतात. कढीपत्ता आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन. लिंबू-पपनसावर ब्लू मॉरमॉन, म्हणजे २०१५ साली जाहीर झालेलं आपलं राज्य फुलपाखरू. सीताफळ आणि सोनचाफ्यावर टेल्ड जे, रुईवर प्लेन टायगर, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर, माडाच्या झावळीवर कॉमन पामफ्लाय. म्हणून आधी झाड निवडा आणि त्याच्यासमोर बसा. नवीन फुलझाडं आणण्यापेक्षा कढीपत्त्याची दोन रोपं वाढवलीत तर जास्त दिसेल. रोप नर्सरीतून आणलं असेल तर फवारणी केलेली आहे का ते विचारून घ्या.

घाईने जवळ जाऊ नका

अंडी घालायला आलेली मादी चालीवरून ओळखता येते. ती झाडाभोवती संथ, खालून उडते, या पानावरून त्या पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पान चाचपते. पायांनीच तिला पानाची चव कळते. पान पसंत पडलं की पोटाचं टोक वाकवून सहसा एक अंडं चिकटवते आणि उठते. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं, त्यामुळे पुढे सरसावलात तर हुकलंच. चार-पाच हातांवर थांबा, आपली सावली झाडावर पडू देऊ नका. ऊन चांगलं वर आल्यावर, दुपारच्या आत बसणं उत्तम. मादी निघून गेली की मगच पान उलटून बघा. कोवळ्या पालवीपासून सुरुवात करा.

रंग बघून नाव ठरवू नका

या चुकीत जाणकारही अडकतात. कढीपत्त्यावर लाल ठिपक्यांची काळी ‘कॉमन रोज’ अंडी घालतेय असं वाटतं, पण कॉमन रोजच्या अळ्या खातात सापसंदाच्या वेलाची पानं. कढीपत्त्यावर आहे ती कॉमन मॉरमॉनची मादी, भक्षकांना फसवण्यासाठी कॉमन रोजचं रूप घेतलेली. अंग बघा: कॉमन रोजचं लालसर असतं, मॉरमॉनचं काळं. तसंच घोळीच्या भाजीवर प्लेन टायगर अंडी घालताना दिसली, तर ती बहुतेक डॅनेड एगफ्लायची मादी असते. पंखांवर शंका आली की पानाला विचारा, ते सहसा खरं सांगतं.

साफसफाई जरा जपून

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं की आपण ते पुसून टाकतो. लाइम आणि मॉरमॉनच्या लहान अळ्या अगदी तशाच दिसतात. आंब्याच्या पानावर मधल्या शिरेला चिकटून पडलेली, पिसासारख्या काट्यांची हिरवी अळी कॉमन बॅरनची, ती तर पानातच विरून जाते. कलमावरचं बांडगूळ काढणं योग्यच आहे, ते झाडाला शोषतं. पण कापण्याआधी पानं बघा. कॉमन जेझबेल त्याच पानांवर पिवळी अंडी पुंजक्याने घालते. पुंजका दिसला तर तेवढी फांदी अळ्या मोठ्या होईपर्यंत राहू द्या. मोहोराच्या दिवसांत आंब्यावर फवारणी असेल तर वाऱ्याची दिशा बघा, कढीपत्ता त्याच्या वाटेत नको. आणि जी भाजी-पानं आपण खातो, त्यांवर कीटकनाशक मारायचं तरी कशाला?

अंडी घरात आणू नका

अंडं नखाने सोडवायला गेलात तर फुटतं. पान तोडून डब्यात ठेवलं तर ते सुकतं, आणि इथल्या दमट हवेत बंद डब्यात बुरशी धरते. झाडावर राहू द्या, मुंग्या-कोळी घेतील त्यातलं काही घेऊ देत, तो त्यांचाही वाटा आहे. जोराच्या पावसात काही अंडी निसटतात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरपासून पुढे, पालवी ताजी असते आणि निरीक्षणाला सगळ्यांत सोपा काळ तोच.

अंडं काळं पडलं म्हणजे मेलं नाही

लाइमचं फिकट पिवळं अंडं साधारण तीन-चार दिवसांत फुटतं. त्याआधी ते गडद होतं, आतल्या अळीचं डोकं दिसू लागतं. अळी बाहेर आल्यावर कवच खाऊन टाकते, त्यामुळे पानावर काहीच उरलं नाही तरी निराश होऊ नका, शेजारची पानं नीट बघा. पण अंडं पूर्ण काळं पडून आठवडाभर तसंच राहिलं आणि मग त्याला बारीक गोल भोक दिसलं, तर आतून एखादी सूक्ष्म परजीवी गांधीलमाशी बाहेर पडलेली असते. हा रोग नव्हे, फवारायची गरज नाही.