बंदोबस्तात जखमी झालेला पोलीस घरी येतो तेव्हा

माझे यजमान रत्नागिरी जिल्ह्यात पोलीस हवालदार आहेत. एका राजकीय मोर्चाच्या बंदोबस्तात दगडफेक झाली, डाव्या गुडघ्याखालचं हाड मोडलं, प्लेट बसली. तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून पोलीस लाईनीतल्या बायकांसाठी हे लिहितेय.

आधी कागद. माणूस ऑपरेशनला आत असताना कागदाचं काय बोलायचं, असं वाटतं. तरी बोला. ‘बंदोबस्तावर असताना जमावाच्या दगडफेकीत जखमी’ अशी स्टेशन डायरीत त्याच दिवशी नोंद झालीय का, ते त्यांच्या सहकाऱ्याला बघायला सांगा. एमएलसी (पोलीस केसमधल्या जखमीची हॉस्पिटलने केलेली नोंद), एफआयआर आणि बंदोबस्ताच्या आदेशाची झेरॉक्स घरी ठेवा. डिस्चार्ज कार्ड वॉर्डातच वाचा. आमच्या कार्डावर कुणीतरी ‘पडून दुखापत’ लिहिलं होतं. ते दोन शब्द दुरुस्त करायला सहा महिने आणि अकरा फेऱ्या गेल्या.

एवढा आग्रह अशासाठी की महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये कर्तव्यामुळे कुणी मुद्दाम केलेल्या इजेसाठी विशेष विकलांगता रजा आहे, जास्तीत जास्त 24 महिने. स्वतःची साठवलेली रजा संपवण्याआधी ती मागा. अर्ज बारनिशीत, म्हणजे ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर, द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. बिलासाठी महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे. हॉस्पिटल यादीत आहे का ते दाखल करतानाच विचारा.

नोकरी जाईल या धास्तीने हे रात्र-रात्र जागायचे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 चं कलम 20 त्यांना वाचून दाखवलं: सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, हुद्दाही कमी करता येत नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं. आता ते मुद्देमाल सांभाळतात.

घरात चिऱ्याच्या पायऱ्या असतील तर पावसाआधी कठडा करून घ्या आणि शेवाळ आठवड्याला घासा. व्यायाम चुकू देऊ नका. टाचेखाली टॉवेलची वळकटी ठेवून गुडघा खाली दाबायचा आणि दहा मोजायचे. आमची धाकटी शेजारी बसून मोठ्याने मोजायची. दुखतंय म्हणून तिच्यासमोर थांबायची त्यांना लाज वाटे.

पायापेक्षा मनाचं अवघड गेलं. त्या शिमग्याला पालखी वाडीत आली, ढोल वाजले, माणसांचा गलका झाला, आणि हे मागच्या पडवीत जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. शर्ट घामाने भिजलेला. “पोलीस असून घाबरतो?” असं एक पाहुणा म्हणाला. असं बोलणाऱ्याला तिथेच गप्प करा, मग तो कितीही जवळचा असो. आणि ओढून गर्दीत नेऊ नका. आम्ही आधी रिकाम्या सहाणेवर, म्हणजे शिमग्यात पालखी बसते त्या जागेवर, संध्याकाळी जाऊन बसलो, मग आठवडी बाजारात, कडेकडेने. माझा हात दोनदा दाबला की निघायचं, हे ठरलेलं. झोप उडाली, चिडचिड वाढली, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. यंदा पालखीच्या वेळी ते फणसाला टेकून अंगणातच उभे होते.

कोर्टाचं समन्स मात्र बऱ्याच काळाने येतं, तोवर सगळं निवलेलं असतं. साक्षीच्या दिवशी सोबत जा. व्हरांड्यात आरोपीही समोरच्याच बाकावर असतात. सरकारी वकिलांना आदल्या दिवशी सांगितलं, तेव्हा आम्हाला वेगळं बसायला जागा मिळाली.