पडदा काळा पडला : भूत की बिघाड? हॉरर पोकेमॉन हॅक खेळताना या चुका टाळा

पोकेमॉनच्या भुताटकी हॅकमध्ये, म्हणजे चाहत्यांनी मूळ खेळात फेरफार करून बनवलेल्या भीतीच्या खेळांत, एक अडचण अशी आहे, जी साध्या हॅकमध्ये येत नाही. संवादाच्या चौकटीत भलतीच अक्षरं आली, संगीत फाटलं, पडदा काळा पडून तसाच राहिला, की खेळणाऱ्याला वाटतं, वा, काय घाबरवलंय! तो श्वास रोखून बघत बसतो आणि खेळ मात्र कधीच बंद पडलेला असतो. उलटही होतं. बनवणाऱ्याने मुद्दाम विस्कटलेलं चित्र पाहून एखादा ‘फाइल खराब आहे’ म्हणत सगळं पुसून टाकतो. म्हणून हॉरर हॅक सुरू करण्याआधी खालची यंत्रणा धडधाकट आहे ना, एवढी खात्री करून घ्या. मग जे बिघडेल ते लेखकाने बिघडवलेलं, असं समजायला हरकत नाही.

इंदुरात हे हॅक पेनड्राइव्हवरून नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतात. राजेंद्रनगरातल्या कुणा दादाने कॉलेजात मिळवलेली फाइल सुदामानगरातल्या पोरांपर्यंत पोचते, तोवर तिचं नाव बदललेलं असतं आणि सोबतची ‘रीडमी’ वाटेतच गळालेली असते. ती रीडमी महत्त्वाची होती. कोणत्या मूळ खेळावर, कोणत्या आवृत्तीवर हॅक बसतो, हे तिच्यातच लिहिलेलं असतं.

चुकीच्या रॉमवर पॅच चढवणं

निम्म्याहून जास्त भुतं इथेच जन्मतात, असं माझं मत.

मूळ खेळावर निंटेंडोचा हक्क आहे, म्हणून हॅक बनवणारे सहसा फक्त पॅच देतात, म्हणजे मूळ फाइलमध्ये कुठे काय बदलायचं त्याची यादी. मूळ रॉम, म्हणजे मूळ खेळाची फाइल, तुमच्या स्वतःच्या कार्ट्रिजमधून (खेळाच्या डबीतून) काढलेला असावा. स्वस्तात मिळालेली जुनी कार्ट्रिज नकली असू शकते आणि तिच्यातून निघालेला रॉम अस्सलशी तंतोतंत जुळेलच असं नाही. ‘आधीच पॅच केलेला’ रॉम कोणी पाठवला तर घेऊ नका. तो बेकायदेशीर आहेच, शिवाय त्यात काय मिसळलंय हे तपासायची सोय उरत नाही.

आता आवृत्तीचं. अमेरिकेतल्या ‘फायररेड’ या पोकेमॉन खेळाच्या १.० आणि १.१ अशा दोन आवृत्त्या आहेत. खेळताना फरक जाणवत नाही, पण आत माहितीच्या जागा सरकलेल्या आहेत. आयपीएस हा जुना पॅच प्रकार मूळ फाइल ओळखत नाही. अमुक जागी अमुक बाइट लिही, एवढंच त्याला कळतं. १.० साठीचा पॅच १.१ वर चढवलात तरी तो मुकाट्याने चढतो. खेळ सुरू होतो, पहिलं गावही नीट दिसतं, आणि तासाभराने एखाद्या दारातून आत गेलात की सगळं गोठतं. मग ‘त्या घरात काहीतरी आहे’ अशी दंतकथा वर्गभर पसरते.

यूपीएस आणि बीपीएस हे नंतरचे प्रकार जास्त शहाणे. त्यांच्यात मूळ फाइलचा सीआरसी३२ हा पडताळणीचा आकडा साठवलेला असतो. तो जुळला नाही की पॅचर (पॅच चढवणारा प्रोग्रॅम) नकार देतो किंवा इशारा देतो. तेव्हा ‘इग्नोर’ दाबू नका! तो इशारा बरोबर असतो. यूपीएसची आणखी एक गंमत म्हणजे तोच पॅच चढवलेल्या फाइलवर पुन्हा चढवला की मूळ खेळ परत येतो. ‘पॅच करूनही साधाच खेळ दिसतोय’ या तक्रारीचं कारण कधीकधी एवढंच असतं.

आयपीएसला १६ एमबीच्या पुढे लिहिता येत नाही. गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या निंटेंडोच्या हातात धरायच्या खेळयंत्राचे पोकेमॉन मुळातच १६ एमबीचे, आणि मोठे हॅक ते वाढवून ३२ एमबीपर्यंत नेतात. त्यामुळे असे हॅक सहसा यूपीएस किंवा बीपीएसमध्ये मिळतात.

एमजीबीए हा एम्युलेटर (संगणकावर किंवा मोबाइलवर गेम बॉयची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर रॉम आणि पॅच एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाने ठेवा. खेळ उघडताना पॅच आपोआप लागतो आणि मूळ फाइलला हात लागत नाही. मला हीच पद्धत सगळ्यात निर्धोक वाटते.

खरीखुरी सूचना शाप समजणं

‘स्नेकवूड’ हा झॉम्बींनी भरलेला हॅक ‘रूबी’ या पोकेमॉन खेळावर बांधलेला आहे. रूबी, सफायर, एमराल्ड यांच्या कार्ट्रिजमध्ये घड्याळासाठी छोटी बॅटरी असे. एम्युलेटरमध्ये रिअल टाइम क्लॉक बंद असेल तर सुरुवातीलाच संदेश येतो : आतली बॅटरी संपली आहे, खेळता येईल, पण वेळेवर अवलंबून असलेल्या घटना आता घडणार नाहीत. झॉम्बींच्या खेळात पहिल्याच पडद्यावर हे वाचून कुणालाही थरार वाटेल. सेटिंगमध्ये घड्याळ चालू करा, थरार जातो.

‘फायररेड’वरच्या हॅकमध्ये ‘१एम सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही’ असा संदेश आला, तर सेव्हचा प्रकार चुकलेला आहे. तो ‘फ्लॅश १२८के’ करा.

सेव्ह स्टेटवर विसंबणं

सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत. हॅकची नवी आवृत्ती आली की आतल्या स्क्रिप्टच्या जागा बदलतात, पण जुनी स्टेट जुन्याच जागा शोधत राहते. मग नायक भिंतीत अडकतो, नाहीतर समोरचं माणूस तुकड्यातुकड्यांत दिसतं. आवृत्ती बदलण्याआधी पोकेमॉन सेंटरमध्ये उभं राहून खेळाच्या मेनूतून सेव्ह करा, त्या सेव्ह फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा आणि मगच नवा पॅच लावा. रॉमचं नाव बदललंत तर सेव्ह फाइलचंही तसंच बदला. एरवी प्रगती ‘गायब’ होते आणि आळ भुतावर येतो.

चीट कोडचं थोडक्यात : ते मूळ खेळासाठी लिहिलेले असतात. भिंतीतून चालायचा कोड तर हॉरर हॅकमध्ये हमखास नडतो, कारण प्रसंग जमिनीवरच्या ठरावीक चौकोनांवर पाऊल पडल्यावर सुरू होतात. तो चौकोन टाळून पुढे गेलात की कथा मागेच राहते आणि पुढचं दार उघडत नाही.

‘भुताची एक्सई’ उघडणं

गेम बॉयच्या हॅकला एक्सई, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी, फाइल लागत नाही. पासवर्ड लावलेली झिप आणि सोबत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलेलं असेल, तर तिथेच थांबा, मित्राने पाठवलेली असली तरी. ‘इन्सर्जन्स’ किंवा ‘युरेनियम’सारखे फॅन गेम मात्र खरोखरच विंडोजचे स्वतंत्र खेळ आहेत, आरपीजी मेकर एक्सपीवर बनवलेले. ‘युरेनियम’चे अधिकृत दुवे ऑगस्ट २०१६ मध्ये, निंटेंडोच्या वकिलांच्या नोटिसा आल्यावर, बनवणाऱ्यांनीच काढून टाकले. तेव्हा आज त्या नावाने फिरणारी प्रत कुठून आली, हे पाहिल्याशिवाय उघडू नका. असा खेळ देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलात तर तो सुरूच न होण्याची शक्यता असते. फोल्डरला साधं रोमन लिपीतलं, मोकळी जागा नसलेलं नाव द्या.

झगमग आणि फास्ट-फॉरवर्ड

पहिल्या पोकेमॉन खेळांतल्या लॅव्हेंडर टाउन या गावाचं संगीत ऐकून जपानात मुलं दगावली, ही इंटरनेटवर रचलेली कथा आहे. खरी घटना वेगळी. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानात पोकेमॉन मालिकेचा एक भाग लागला. त्यातल्या लाल-निळ्या झगमगीने मुलांना झटके, चक्कर, उलट्या झाल्या आणि ६८५ जणांना रुग्णवाहिकेतून रुग्णालयात नेलं गेलं. हॉरर हॅकमध्ये पडदा चमकवणं हे नेहमीचं हत्यार आहे. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमग टाळावी, असं वेबसाठीचे सुलभतेचे निकष सांगतात. फास्ट-फॉरवर्ड लावलंत की लेखकाने जपून ठेवलेला वेगही चौपट होतो. कंटाळवाण्या लढाया पळवा, पण प्रसंग सुरू झाला की वेग मूळ ठेवा. घरात कुणाला फिट येत असतील तर हे हॅक त्यांच्यासमोर लावूच नका. आणि हो, मुखपृष्ठावर पिकाचू दिसतो म्हणून सात वर्षांच्या भाच्याच्या हाती मोबाइल देणाऱ्या मावशींनो, आधी आत काय आहे ते बघा.

एवढं करूनही अडलात, तर आधी तीच सेव्ह फाइल दुसऱ्या एम्युलेटरमध्ये उघडून त्याच जागी जा. तिथेही तसंच घडलं तर ते हॅकमधलंच आहे, मुद्दाम केलेलं असो वा राहून गेलेलं. मग बनवणाऱ्याला हॅकची आवृत्ती, मूळ रॉमचा सीआरसी, एम्युलेटरचं नाव आणि तुम्ही नेमके कुठे उभे होतात ते कळवा, सोबत सेव्ह फाइल जोडा. नुसतं ‘गेम अडकला, भिया’ लिहिलंत तर उत्तर यायची आशा धरू नका.