मोठी चाकं बसवण्याआधी हा हिशेब करा
गाडीला मोठी चाकं बसवायची असतील तर आधी टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, कडेची उंची त्याच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. व्यास साधारण ६२२ मिमी. त्याजागी २०५/५५ आर १६ घातला की तो ६३२ होतो. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते कळत नाही. खरे १०० किमी झाले तरी तो ९८च्या आसपासच दाखवतो. त्यामुळे अ‍ॅव्हरेज आहे त्याहून कमी दिसतं.

हा झाला आकड्यांचा खेळ. खरं नुकसान रुंदी आणि वजनामुळे होतं. रुंद टायर वारा जास्त अडवतो, आणि जड चाक प्रत्येक सिग्नलनंतर नव्याने फिरवायला इंजिनाला जास्त इंधन जाळावं लागतं. हौस असेलच तर १९५/५५ आर १६ पाहा, व्यास जवळपास मूळचाच राहतो. भारक्षमतेचा आकडा मात्र मूळ टायरपेक्षा कमी नको. आणि रिम घेताना दिसण्याआधी वजन विचारा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.