डब्यासोबत बाटलीही बघा: शाळेत पोरांच्या तब्येतीसाठी पालकांनी काय करायचं

मुलगी शाळेतून आली की आपण आधी डबा उघडतो, भाकरी संपवली का तशीच आणली. पाण्याची बाटली मात्र कुणी बघत नाही. मी पण बघत नव्हते. एका मार्चमध्ये सहज हातात घेतली तर जड लागली, सकाळी भरून दिली तशीच भरलेली. आपल्या सोलापूरचं ऊन, मार्च संपता संपता पारा चाळीशी गाठतो, आणि पोरगी पाच-सहा तास घोटभर पाणी न पिता बसलेली. रोज डोकं दुखतंय, पोट दुखतंय म्हणायची ते मी अभ्यासाचा कंटाळा समजत होते. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "पाणी पिलं की जावं लागतं आई, आणि तिथं जाववत नाही."

म्हणून सांगते, शाळेतल्या आरोग्यासाठी काही करायचं असेल तर सुरुवात बाटली आणि टॉयलेटपासून करा. आठवडाभर रोज बाटलीत किती पाणी उरलं ते लिहून ठेवा, लघवीला जळजळ होते का, रंग गडद पिवळा असतो का ते पण विचारा, कारण पाणी कमी आणि वर लघवी दाबून धरली की मुलींना इन्फेक्शन होतं, बद्धकोष्ठता होते. वर्गातल्या अजून चार-पाच आयांना हेच करायला लावा. एकटी गेलं की "तुमच्याच मुलीला काय होतंय" ऐकावं लागतं, पाच घरांचं सारखंच निघालं की सर पण वही उघडतात.

मग शाळेत जा, पण भांडायला नाही, बघायला. मुख्याध्यापकांना विचारूनच जा आणि मधल्या सुट्टीनंतर जा, सकाळी सकाळी सगळं धुतलेलंच असतं. नळाला पाणी आहे का, बादली-मग, आतून कडी लागते का, साबण, मोठ्या मुलींसाठी पॅड टाकायला झाकणाचा डबा. फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, त्याने शाळा अंगावर येते आणि काम राहतं बाजूला.

आता हे मांडायचं कुठं? सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात 75 टक्के पालक असायला लागतात आणि निम्म्या बायका. कितीतरी पालकांना आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे हेच माहीत नसतं, ती नावं आधी विचारून घ्या. विनाअनुदानित शाळेत असाल तर पालक-शिक्षक संघ. अर्ज लेखी द्या, एक कॉपी सही-शिक्का घेऊन जवळ ठेवा, आणि एका वेळी एकच विषय. पैसे नाहीत म्हणाले तर सरकारी शाळेत विचारा, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून जे शाळा अनुदान येतं त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवरच खर्च करायचे असतात.

आमच्याकडे तर पैशाचा प्रश्नच निघाला नाही. टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायची आणि सफाई फक्त सकाळी एकदा. मग एवढंच ठरलं: सुट्टीनंतर दुसरी सफाई, दोन दारांना कड्या, आणि दिवसातून तीनदा पाण्याची घंटा, केरळच्या शाळांनी 2019 मध्ये सुरू केली तशी. घंटा झाली की सगळा वर्ग बाटली तोंडाला लावतो, कुणी एकट्याने उठून परवानगी मागायची गरज नाही. नळाला पाणी रोज येत नाही हे सोलापुरात कुणाला सांगायला नको, म्हणजे शाळेतलं पाणी साठवलेलंच, तर टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच लिहायला लावा, झाकण घट्ट पाहिजे, आणि बॅरल आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून घासून कोरडे करा, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो.

खिचडीचं पण बघा. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे, सहावी ते आठवीला 150, 30 आणि 75. वजनकाटा नेऊ नका, ताटात डाळ-भाजी दिसते का ते बघा आणि पोरांच्या पंगतीत बसून दोन घास खा. आठवड्याला दोन आया अशी पाळी लावली की पुरतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी नीट बोला, सामान कधी कमी येतं ते त्यांनाच पहिलं कळतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येते. तारीख आधी विचारून त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका, आणि संध्याकाळी दप्तरातली चिठ्ठी शोधा. डोळे, दात, कान, हृदय, काही निघालं तर पुढची तपासणी मोफत होते, पण चिठ्ठी वहीतच राहिली तर काय उपयोग. शाळेत लोहाची गोळी देत असतील तर ती जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नको.

गेटजवळच्या टपरीवर मावा-तंबाखू मिळत असेल तर 100 यार्डाच्या आत ते विकायला कायद्यानेच बंदी आहे, तो अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीनेच जाऊ द्या, पालकांनी टपरीवाल्याशी हुज्जत घालू नये.

आणि मीटिंगची वेळ. आपल्याकडे किती आया विड्या वळतात, तयार विड्या जमा करायला ज्या वेळी कारखान्यात जावं लागतं त्याच वेळी मीटिंग लावली तर त्या येणार कशा? त्यांनाच विचारून वेळ ठरवा, आणि ज्यांना तेलुगू जवळची त्यांच्याशी तेलुगूत बोलणारी एखादी आई शेजारी बसवा, मग बघा त्या किती बोलतात.