रेपो कमी झाला पण हप्ता तेवढाच? मग हे करा

फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, 6.50 वरून 5.50 वर आणला, पूर्ण एक टक्का. फोंड्याच्या माझ्या मामेभावाचं होम लोन त्याप्रमाणे स्वस्त होत गेलं, डिचोलीतलं माझं मात्र होतं तिथंच, आणि चवथीला घरी बसून कागद काढले तेव्हा कळलं की त्याचं लोन रेपोला जोडलेलं आणि माझं जुन्या एमसीएलआरवर, म्हणजे बँक स्वतःच्या पैशाच्या खर्चावरून ठरवते त्या दरावर, ज्याचा रिसेट (दर नव्याने लागणं) वर्षातून एकदाच.

असं का होतं ते आधी समजून घ्या. आरबीआयची सहा जणांची कमिटी साधारण दर दोन महिन्यांनी बसते, महागाई 4 टक्क्यांच्या आसपास राहावी म्हणून रेपो वरखाली करते. पण बँकेकडचा बराचसा पैसा आपल्याच एफडीतून येतो आणि जुन्या एफडीचा दर मुदत संपेपर्यंत हलत नाही, त्यामुळे बँक कर्ज स्वस्त करायला वेळ लावते. आपल्या गोव्यात तर गल्फमधून, जहाजावरून आलेला पैसा वर्षानुवर्षं एफडीतच पडून असतो, ठेवी भरपूर आणि त्यामानाने कर्जं कमी. ही दिरंगाई मोडायला आरबीआयने 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी फ्लोटिंग (दर बदलत राहणारी) होम लोन रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडायला लावली, त्यांचा रिसेट तीन महिन्यांत एकदा तरी व्हायलाच हवा. माझ्या मते सामान्य कर्जदारासाठी आरबीआयने केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक.

म्हणून पहिलं काम, सँक्शन लेटर (लोन मंजुरीचं पत्र) काढा आणि तीन गोष्टी शोधा: बेंचमार्क (लोन ज्या दराला जोडलंय तो) कुठला, स्प्रेड (त्यावर बँक लावते ती वाढ) किती, रिसेट कधी. एमसीएलआर किंवा त्याच्याही आधीचा बेस रेट दिसला तर ब्रँचमध्ये रेपो लिंक्डवर बदलून द्या असा लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही. पोचपावती घ्या. फी किती ते आधी विचारा, आणि नवा स्प्रेड नक्की बघा, तो जास्त लावला तर बदलून फायदाच नाही. सहकारी बँक किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीचं लोन असेल तर हा रेपोचा नियम त्यांना लागू नाही, तिथे दर कमी करून मागायचा, नाही दिला तर दुसऱ्या बँकेत ट्रान्सफरचा विचार करायचा.

दर उतरला की हप्ता कमी करू की मुदत? शक्य असेल तर हप्ता तोच ठेवा. समजा 20 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता साधारण 17,356. दर साडेसात झाला तर हप्ता 16,112 होतो, पण तुम्ही जुनाच भरत राहिलात तर लोन जवळपास तीन वर्षं आधी संपतं. दर वाढतो तेव्हा उलटं होतं, बँक गुपचूप मुदत लांबवते. ऑगस्ट 2023 च्या नियमाप्रमाणे हप्ता वाढवायचा की मुदत हा पर्याय बँकेने तुम्हाला द्यायला हवा, तो मागून घ्या.

आणि घरात आईबाबांची एफडी असेल तर दर उतरायच्या काळात लांब मुदतीची आधीच करून टाका, कारण कपात झाली की नव्या एफडीचे दर बँका लगेच उतरवतात. एका बँकेत व्याज धरून 5 लाखांपर्यंतच विमा असतो, त्याहून जास्त असेल तर दोन बँकांत विभागून ठेवा.