बेनेट जगला असता तर? जर-तरचा खेळ खेळायचा तर असा खेळा

तालीम संपली, चहा सांगितला की नाटकवाल्यांत हा विषय निघतोच, अमका जगला असता तर काय झालं असतं. मग सगळे मिळून त्या गेलेल्या माणसाकडून दहा नवी नाटकं बसवून घेतात, दहाच्या दहा हाउसफुल्ल. मजा येते, नाही कशाला म्हणू, पण हाती काही लागत नाही बाप्पा. हाच खेळ जरा शिस्तीत खेळला तर त्या माणसाच्या जाण्याने नेमकं काय थांबलं ते दिसायला लागतं. नागपुरात जे एकांकिका बसवतात, राज्य नाट्य स्पर्धेत कोरियोग्राफी करतात किंवा ज्यांचा नुसताच चर्चेचा ग्रुप आहे, त्यांच्यासाठी लिहून राहिलो.

उदाहरण घेतो मायकेल बेनेटचं. ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा, डायरेक्टर-कोरियोग्राफर, १९४३ चा जन्म, गाव बफेलो, २ जुलै १९८७ ला एड्सने गेला, वय ४४. 'अ कोरस लाइन' त्याचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की एका म्युझिकलच्या (गाण्या-नाचाच्या नाटकाच्या) कोरसमधे, म्हणजे मागच्या रांगेत, नाचायला निवड व्हावी म्हणून आलेली पोरं-पोरी, रिकामं स्टेज, जमिनीवर एक पांढरी रेघ, आणि त्या रेघेवर उभं राहून एकेक जण स्वतःची गोष्ट सांगतो. जुलै १९७५ मधे ब्रॉडवेवर आलं आणि एप्रिल १९९० मधे उतरलं, ६१३७ प्रयोग. म्हणजे बसवणारा गेला त्यानंतरही जवळपास तीन वर्षं त्याचं नाटक रोज रात्री चालूच.

सुरुवात मात्र बेनेटपासून करू नका. आधी आपल्यातलं एखादं नाव घेऊन हात मोकळा करा. डॉ. वसंतराव देशपांडे १९८३ ला गेले, सिव्हिल लाइन्सच्या सभागृहामुळे नाव तर सगळ्यांनाच माहीत. ते आणखी दहा वर्षं असते तर? ग्रुपात पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "अजून एक कट्यार झालं असतं." नाही ना भौ! कट्यार १९६७ चं, त्यानंतर सोळा वर्षं ते होतेच की आपल्यात. मग अजून एक कट्यार तेव्हा काहून नाही झालं? हा उलटा प्रश्न आधी विचारायची सवय लावून घ्या, पुढे फार कामी येते.

आता बेनेट. सगळ्यात पहिले ठरवा तो वाचला कसा. लोक ही पायरी उडवतात आणि तिथेच खेळ फसतो. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे त्याला लागण झालीच नाही, बाकी जग जसंच्या तसं. दुसरा म्हणजे औषध लवकर आलं. एझेडटी या एड्सवरच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली मार्च १९८७ मधे, आणि तीन-तीन औषधं एकत्र देऊन माणूस खरंच टिकायला लागला तो १९९६ च्या आसपास. हा दुसरा रस्ता धरला तर एकटा बेनेट कसा वाचेल? मग हॉवर्ड अॅशमनही वाचतो, ज्याने 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' लिहिलं आणि डिस्नेच्या 'लिटल मरमेड'ची गाणी लिहिली, तो १९९१ ला गेला. 'कोरस लाइन'च्या दोन लेखकांतला निकोलस दान्ते, तोही १९९१ लाच, एड्सनेच. शिवाय शेकडो डान्सर, ड्रेसवाले, लाइटवाले, ज्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. मग तो प्रश्न एका माणसाचा राहतच नाही, अख्ख्या पिढीचा होतो, आणि एका बैठकीत तो आवरत नाही. म्हणून पहिल्यांदा खेळताना पहिला रस्ता घ्या. दुसरा खरा जास्त आहे असं माझं मत, पण त्याला वेगळी रात्र लागते.

मग एक कागद घ्या आणि शेवटची दहाएक वर्षं उभी लिहून काढा. गाजलेलीच नाही, पडलेली पण, अर्धवट राहिलेली पण. बेनेटची यादी अशी होते. १९७५ कोरस लाइन. १९७८ 'बॉलरूम', हे आपटलं, ११६ प्रयोग. १९८१ 'ड्रीमगर्ल्स', १५२१ प्रयोग. मग 'स्कँडल' नावाचं एक म्युझिकल, स्त्री-पुरुष संबंधांवरचं बिनधास्त, त्याची वर्कशॉपं झाली आणि १९८५ मधे ते गुंडाळलं, ब्रॉडवेवर आलंच नाही. मग लंडनचं 'चेस', बुद्धिबळावरचं म्युझिकल, त्याची सगळी आखणी याने केली, सेट ठरला, कास्टिंग झालं, आणि जानेवारी १९८६ मधे तब्येतीमुळे बाहेर पडला. त्याच्या जागी इंग्लंडचा डायरेक्टर ट्रेव्हर नन आला आणि मे मधे ते उघडलं. त्याच साली बेनेटने न्यूयॉर्कमधली आपली ८९० ब्रॉडवे ही बिल्डिंग विकली.

यादी समोर ठेवली की "दहा हिट" वाले आपोआप गप्प होतात. कोरस लाइननंतर बारा वर्षांत माणसाने ब्रॉडवेवर आणली दोन नवी, त्यातलं एक पडलं. आणखी दहा वर्षं दिली तर फार तर दोन-तीन धरा, आणि त्यातलं एक तरी पाडा. हो, मुद्दाम पाडा. गेलेल्या माणसाला फ्लॉप द्यायची हिंमत नसेल तर हा खेळ खेळूच नका, आरती करा.

यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडते, तिथे वेळ घालवा. नाटकांची नावं सोडा आणि माणसाच्या सवयी शोधा. यासाठी पाहायला लागतं, नुसतं वाचून होत नाही. १९७६ च्या टोनी (ब्रॉडवेचं सगळ्यात मोठं बक्षीस) सोहळ्याची क्लिप इंटरनेटवर मिळते, त्यात कोरस लाइनची सुरुवात आहे. १९८५ चा सिनेमा बघून मात्र बेनेटबद्दल मत बनवू नका, तो गांधीवाल्या अॅटनबरोचा आहे. क्लिपमधे डान्सर आधी आपल्याकडे पाठ करून नाचतात, कारण तालमीचा आरसा त्यांच्यासमोर आहे, आपण जणू मागच्या भिंतीतून चोरून बघतोय. मग सगळी ओळ वळते आणि तोच नाच तोंडावर येतो. तीच स्टेप, फक्त दिशा बदलली, आणि तेवढ्यात वीसेक अनोळखी लोकांचे चेहरे आपल्याला दिसतात. नाटकाच्या शेवटी हे उलटं होतं, सगळे एकसारख्या सोनेरी ड्रेसमधे येतात आणि दोन तास ज्यांच्या गोष्टी ऐकल्या त्यातला कोण कुठला हे शोधावं लागतं. कौतुक म्हणून टाळ्या वाजवायच्या की वाईट वाटून घ्यायचं, समजत नाही.

आपल्याकडे 'घाशीराम'मधे १९७२ साली कृष्णदेव मुळगुंदांनी माणसांची रांगच पडदा केली, रांग डोलते, उघडते, मिटते, तिच्या आड पाप होतं. बेनेट 'ड्रीमगर्ल्स'मधे दुसऱ्या टोकाने गेला, तिथे लाइटांचे उंच टॉवर फिरतात, सरकतात, आणि एका फिरकीत स्टेजच्या समोरची बाजू विंगेची होऊन जाते. म्हणजे त्याने सेटलाच नाचवलं. ग्रुपात ज्याला कोरियोग्राफी म्हणजे फक्त हातपाय वाटतात त्याला हे दोन नमुने शेजारी ठेवून दाखवा.

बेनेटच्या सवयी माझ्या मते तीन. सेट आणि माणूस एकाच तालावर चालवणं ही एक. कोरसमधल्या, मागच्या रांगेतल्या माणसाकडे बघणं ही दुसरी. झाडीपट्टीत वडसा-गडचिरोलीकडे रात्रभर नाटक बघितलेल्यांना हे पटकन कळेल, पोस्टरवर हिरो-हिरोइन असतात आणि पब्लिक उठून बसतं ते नाचाला, पण नाचणारीचं नाव किती जणांना माहीत असतं? तिसरी आणि सगळ्यात मोठी सवय म्हणजे वर्कशॉप. जानेवारी १९७४ मधे एका रात्री त्याने डान्सर लोकांना गोल बसवून टेपरेकॉर्डर लावला आणि त्यांची आयुष्यं बोलती केली, मग निर्माता जोसेफ पॅपच्या पब्लिक थिएटरमधे महिनोन्महिने त्या बोलण्यावर काम केलं, लिहा, नाचा, फेका, परत लिहा. तोवर ब्रॉडवेची पद्धत म्हणजे ठरलेल्या आठवड्यांची तालीम, मग दुसऱ्या गावात ट्रायल. ८९० ब्रॉडवे त्याने घेतली ती याच कामासाठी, तालमीच्या खोल्या, ड्रेसवाले, सगळं एका छताखाली.

आता काय बदललं नसतं ते लिहा. ही यादी लिहिताना जीवावर येतं पण लिहा. खूप लोक म्हणतात बेनेट असता तर इंग्लंडहून आलेली ती अवाढव्य म्युझिकलं त्याने थोपवली असती. तारखा बघा ना. 'कॅट्स' ब्रॉडवेवर आलं १९८२ ला, 'ले मिझराब्ल' मार्च १९८७ ला, दोन्ही वेळा बेनेट जिवंत होता, काय थोपवलं? 'फँटम' लंडनला १९८६ मधेच उघडलं होतं, जानेवारी १९८८ ला इकडे येणारच होतं. आणि वरून 'चेस' म्हणजे त्याच लाटेतलं काम, पठ्ठ्या स्वतः त्या होडीत बसायला निघाला होता. तसंच तो असता तर बाकी कोणी पुढे आलंच नसतं हेही नको. १९८२ च्या टोनीत 'ड्रीमगर्ल्स' असताना बेस्ट म्युझिकल गेलं 'नाइन'ला, डायरेक्शनचं बक्षीसही टॉमी ट्यूनला. हा तोच ट्यून, ज्याला बेनेटच्या १९७३ च्या 'सीसॉ'मधे नाचून १९७४ चं टोनी मिळालं होतं.

एवढं सगळं गाळून जे उरतं ते तुमचं उत्तर. माझं उत्तर सांगतो, पटलं नाही तर भांडा. पहिलं, 'चेस' वेगळं झालं असतं. ननला दुसऱ्याने आखलेला सेट आणि टीव्हीच्या भिंती घेऊन नाटक उभं करावं लागलं, आणि १९८८ ला ब्रॉडवेसाठी त्याने ते नव्याने घडवलं तेव्हा ६८ प्रयोगांत बंद पडलं. बेनेटच्या हाती बुद्धिबळाचा पट म्हणजे आयता डान्स फ्लोर, तो स्टेजवर नुसता पडून राहिला नसता. हिट झालं असतं असं मी म्हणत नाही, गोष्टीतच गुंता आहे. दुसरं, नाचातून पूर्ण गोष्ट सांगणारी म्युझिकलं मुख्य रस्त्यावर लवकर आली असती. सुझन स्ट्रोमनचं 'कॉन्टॅक्ट', ज्यात कलाकार गात नाहीत, रेकॉर्डवर नाचतात, त्याला २००० साली बेस्ट म्युझिकलचं टोनी मिळालं आणि हे म्युझिकल आहे तरी का यावर वाद झाला. माझ्या अंदाजाने तो वाद बेनेटने नव्वदीतच लावून दिला असता. तिसरं ती बिल्डिंग. फेल्डची बॅले कंपनी आणि अमेरिकन बॅले थिएटर यांनी ती घेतली, नाच तिथे राहिलाच, पण नवं म्युझिकल शिजवायची मालकाची स्वतःची जागा गेली. मला विचाराल तर नाटकांपेक्षा हे नुकसान मोठं.

चर्चा ग्रुपात घेणार असाल तर एकाला विरोधी वकील करा, प्रत्येक दाव्यावर त्याने फक्त "तारीख सांग" म्हणायचं. चिडचिड होते पण हवेतले अर्धे इमले तिथेच पडतात. दावे तीनच ठेवा, जास्त झाले की कोणी ऐकत नाही.

आणि वेळ उरला तर हा प्रश्न टाका. त्या टेप दिलेल्या डान्सरांनी आपल्या आयुष्याचे हक्क एक-एक डॉलरवर सही करून दिले होते, नंतर बेनेटने त्यांना रॉयल्टीत वाटा दिला, आणि तो पुरेसा होता का यावर कुरबूर राहिलीच. २०१९ मधे अमेरिकेतल्या नट-संघटनेने वर्कशॉपमधे काम करणाऱ्यांना नफ्यात वाटा पाहिजे म्हणून काम बंद ठेवलं आणि तो मिळवला. बेनेट तेव्हा ७५ चा असता. कोरसमधून वर आलेला डान्सर पण तोच, आणि निर्माता-मालक पण तोच, तर तो टेबलाच्या कोणत्या बाजूला बसला असता? आमच्याकडे यावर सरळ दोन पार्ट्या पडल्या, डान्सवाले एकीकडे आणि ज्यांनी कधी स्वतःच्या खिशातून हॉलचं भाडं भरलंय ते दुसरीकडे.